पाहिलेली आई, ऐकलेली आई

कॉलेजची वर्षं ज्यांनी त्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात काढली, ते बाकी सगळं विसरले असतील, पण कोणीबाईंना विसरले नसतील. बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. मुलांनी त्यांना कोणीबाई का म्हणावं याचं कारण साधं होतं. टेबलाशी येऊन कोणी काही सांगायला लागलं, की बाई चष्म्यावरून बघत एकच विचारायच्या, "हे कोणी पाहिलं?" पोरगा बिचारा पुस्तकाचं नाव सांगायचा. "पुस्तक लिहिणाऱ्याने पाहिलं का?" पोरगा पुस्तक उलटून बघायचा, तर तिथे दुसऱ्याच पुस्तकाचा हवाला निघायचा. "मग त्याने तरी पाहिलं का?" असं करत करत पोरगा चार कपाटं फिरून यायचा आणि हातातलं पुस्तक मुकाट्याने जागेवर ठेवायचा.

ती खोली आता तशी राहिलेली नाही. तेव्हा मधोमध एक लांबलचक टेबल होतं, वरून दिवे लोंबत होते आणि भिंतीला लागून कार्डांच्या ड्रॉवरांचं भलंमोठं कपाट होतं. ड्रॉवर ओढला की जुन्या पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास यायचा. कार्डांच्या वरच्या कडा बोटं लागून लागून काळपट आणि मऊ झाल्या होत्या. कुठला विषय मुलांच्या जास्त आवडीचा, हे कार्ड न वाचता नुसत्या कडेवरून कळायचं. शाईचं पेन आत आणायला बंदी होती, म्हणून दिवसभर कोणी ना कोणी पेन्सिलीला टोक करत बसलेलं असायचं. आज त्या कपाटात वायरी, बिघडलेले माउस आणि पाहुण्यांसाठीचे कप ठेवतात. निवृत्त झाल्यावर बाई एकदा सहज तिकडे गेल्या, कपाट उघडून बघितलं आणि त्यानंतर पुन्हा काही गेल्या नाहीत.

शिकवणं हे बाईंचं काम नव्हतं. मागितलेलं पुस्तक शोधून द्यायचं, एवढाच पगार. पण शिकवल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. एखाद्या नव्या मुलाला संशोधनाची साधनं म्हणजे काय हे कळत नसलं, की बाई खुर्ची पुढे ओढून घ्यायच्या.

"समजा, आपल्या जिन्यात भांडण झालं," त्या सुरू करायच्या. "वरच्या बाईने खालच्या बाईच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. जी भिजली ती, जिने ओतलं ती आणि दार किलकिलं करून बघत होती ती समोरची, या तिघी म्हणजे अस्सल साधनं. त्या तिथे होत्या. ती पोचा आलेली बादलीसुद्धा अस्सल. आता संध्याकाळी घरमालक येतो, तिघींना विचारतो, बादली बघतो आणि चूक कोणाची ते ठरवतो. तो दुय्यम. त्याने पाहिलेलं काही नाही, पण चौकशी केली आहे. आणि पलीकडच्या गल्लीतला दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, की त्या घरातल्या बायका कायम भांडतात. तो म्हणजे तुझा हा जाडजूड कोश. सगळ्यांचं ऐकून एका ओळीत गुंडाळलेलं. तो वाईट नाही. पत्ता विचारायला बरा आहे. पण साक्षीला त्याला नेऊ नकोस."

मुलं हसायची. मग एखादी चटपटीत मुलगी म्हणायची, म्हणजे अस्सल तेच खरं. बाई याचीच वाट बघत असायच्या. "जी भिजली ती खरं बोलेल असं कोणी सांगितलं? सगळ्यात जास्त तिखटमीठ तीच लावेल. अस्सल म्हणजे ती तिथे होती, बस्स. खरं की खोटं, ते आपण बघायचं." आणि कोणी तीन पुस्तकं पुढ्यात आपटून तिन्हींत एकच लिहिलंय असं छातीठोकपणे सांगितलं, की बाई शेवटची पानं काढून दाखवायच्या. तिघांनीही चौथ्याच कोणाचं तरी उतरवून घेतलेलं असायचं. "हे तीन साक्षीदार नाहीत. एकच साक्षीदार तीन टोप्या घालून आलाय."

अशा या बाईंनी जन्मभर एक गोष्ट मात्र कधीही तपासून पाहिली नाही, आणि ती म्हणजे स्वतःची आई.

आई गेली तेव्हा बाई जेमतेम साडेतीन वर्षांच्या होत्या आणि दादा अकराचा. वडील ट्रकवर. आठवडा-आठवडा घरी नसायचे, आणि असले तरी त्यांच्यापुढे आईचा विषय काढायचा नाही हे न सांगता ठरलेलं होतं. घरात आईचा एकच फोटो होता, तोही मोज्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांचा मिळून. मागच्या रांगेत आई, आणि तिचा एक हात नेमका तोंडापुढे आलेला, त्यामुळे चेहरा अर्धाच. तेव्हा आई म्हणून बाईंच्या वाट्याला जे काही आलं ते दादाच्या तोंडून. संध्याकाळी खालच्या काकू जेवण आणून ठेवायच्या आणि भावंडं जिन्याच्या पायरीवर बसून जेवायची. धाकटी विचारायची, आई कशी होती? आणि दादा सांगायचा.

आई शीळ घालायची. ती घरात शिरायच्या आधी जिन्यातच तिची शीळ ऐकू यायची. आई हसायला लागली की समोरच्या घरातली माणसं खिडकी उघडून बघायची. आईने एकदा भर बाजारात दुकानदाराचा तराजू उलटा करून त्याच्या पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा सगळ्यांना दाखवला होता. आईला अंधाराची भीती नव्हती, पण कोंबडी दिसली की ती खुर्चीवर चढायची. मग फोटोत तोंडापुढे हात का धरलाय? तर फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं, तेव्हा तिला हसू आवरेना, म्हणून. धाकटी खूश होऊन झोपायची.

हे सगळं दादाने सांगितलं, म्हणूनच तर बाईंनी कधी शंका घेतली नाही. दादाने आयुष्य नळदुरुस्तीत काढलं. गळतंय, थांबलं, वॉशर गेलाय, याच्यापलीकडे बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. वहिनीच्या वडिलांना तो पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्यांच्याशी फक्त न्हाणीघरातल्या नळाबद्दल बोलला, असं वहिनी अजून सांगते. साक्षीदार पारखायचा बाईंचा स्वतःचा एक ठोकताळा होता. ज्याला गोष्ट रंगवून सांगता येत नाही, त्याचं डोळे मिटून धरावं. त्या हिशेबाने दादाइतका भरवशाचा साक्षीदार अख्ख्या गावात सापडला नसता.

आणि या सगळ्या ऐकीव ऐवजात एक आठवण बाईंची स्वतःची होती. खिडकीतून ऊन आलं आहे. आपण जमिनीवर बसलो आहोत, मागे आई आहे आणि ती आपले केस विंचरते आहे. गुंता निघताना डोकं मागे ओढलं जातंय. मधूनच खांद्यावरून एक निळी बाही पुढे येते, कारखान्याच्या कोटाची, मनगटापाशी दुमडलेली. कोटाला मशीनच्या तेलाचा वास आहे. आणि डोक्याच्या अगदी जवळ, वर कुठेतरी, हळू आवाजात शीळ चालली आहे. बस, एवढंच. पुढे बाईंचं लग्न झालं, मूल काही झालं नाही, नवरा चांगला होता तो लवकर गेला. प्रत्येक वेळी जीव उदास झाला, की बाई मनाने त्या खिडकीपाशी जाऊन बसायच्या. तिथे बसलं की बरं वाटायचं.

गेल्या वर्षी दादाची धाकटी मुलगी, बाईंची भाची, पिशवीभर सामान घेऊन त्यांच्या घरी आली. कॉलेजात तिला घरातल्या एका माणसाचं चरित्र लिहायला सांगितलं होतं, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठल्या प्रकारच्या साधनातून घेतली ते नोंदवायचं होतं. "मी आजी घेतली," ती म्हणाली. "आणि साधनं म्हटल्यावर तुझ्याकडेच यायला पाहिजे, असं बाबा म्हणाले."

बाईंना कोण आनंद झाला. कित्येक वर्षांनी कोणीतरी टेबलाशी आलं होतं. मग ते टेबल जेवणाचं का असेना. त्यांनी ते दोनदा पुसलं आणि भाचीने सामान मांडलं. फोटो आणि आईचा कारखान्याचा पत्र्याचा बिल्ला एका बाजूला, ही अस्सल. शहरातल्या कारखान्यांवर कोणीतरी मेहनतीने लिहिलेलं पुस्तक, त्यात मोज्यांच्या कारखान्यावर दोन पानं, हे दुय्यम. मोबाइलवर सापडलेली चार ओळींची माहिती ही दुकानदाराच्या रांगेत. भाचीला हे सगळं इतक्या पटकन उमजलं, की बाईंना तिचा अभिमान वाटला.

"आता तू बोल, आत्या," म्हणत भाचीने मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. बाई बोलल्या. शीळ, हसणं, तराजू, कोंबडी, सगळं. भाची हसून हसून बेजार झाली. शेवटी तिने लिहायला घेतलं, "आत्या, अस्सल साधन."

"छे छे," बाईंमधली कोणीबाई जागी झाली. "मी कुठे होते तिथे? हे सगळं दादाने सांगितलेलं. ऐकीव लिही."

भाचीने एकेका गोष्टीपुढे ऐकीव लिहिलं. शीळ, ऐकीव. हसणं, ऐकीव. कोंबडी, ऐकीव. कागद भरत गेला आणि शेवटी खिडकी उरली.

"ही माझी," बाई म्हणाल्या. "ही मी पाहिलेली आहे."

"चेहरा आठवतो तिचा?"

"केस विंचरणाऱ्याचा चेहरा कसा दिसेल? ती मागे होती."

"मग आजीच होती कशावरून?"

"कोट तिचा होता. शीळ तिची होती."

"पण शीळ तर ऐकीव आहे ना, आत्या," भाची म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. बाईंनीच शिकवलेलं ती बाईंना लावून बघत होती.

बाईंचं लक्ष बिल्ल्याकडे गेलं. दादाने शिळेचं सांगितलं, बिल्ला पाहिला, कोटाचं कधीतरी ऐकलं, आणि मनाने त्याचं चित्र काढून ते भिंतीवर लावलं, असं तर झालं नसेल? माणसांचं असं होतं हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. जन्माआधीच्या पुराची आठवण डोळे भरून सांगणारे गृहस्थ त्यांनी टेबलापलीकडे पाहिले होते. तेव्हा त्या मनात हसल्या होत्या. आता मात्र हसू येत नव्हतं. ही एक आठवण गेली तर आपण आईला कधी पाहिलं होतं असं म्हणायला हातात काहीच उरणार नव्हतं.

"बाबांना विचारूया?" भाचीने विचारलं.

"आधी दुसरा साक्षीदार शोध," बाई म्हणाल्या. नियम म्हणून हे बरोबरच होतं, पण खरं तर त्यांना दादाला विचारायचं धाडस होत नव्हतं.

भाची खटपटी. फोटो घेऊन ती कारखान्याच्या जुन्या वस्तीत दारोदार फिरली आणि फोटोतल्या पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या एका मुलीचा पत्ता काढून आली. ती मुलगी आता पाठीला उशी लावून खिडकीशी बसणारी म्हातारी होती. आत्या आणि भाची बसने तिच्याकडे गेल्या. म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि मागच्या रांगेवर बोट टेकवलं.

"ही ना? माझ्या शेजारच्या मशीनवर होती. हिचा धागा तुटला की मी जोडायची, माझा तुटला की ही. बोलणं फारसं नाही. त्या आवाजात काय बोलणार? कामाला चोख, पण अबोल हो. सुटी झाली की पहिली बाहेर. घरी लहान पोरं होती ना."

"ती शीळ घालायची ना?" भाचीने विचारलं.

म्हातारी हसली. "शीळ कशी घालणार? तिला पुढचे दात कुठे होते? मशीनचा दांडा उसळून तोंडावर बसला होता तिच्या. माझ्यासमोरच झालं ते, मी नवीन होते तेव्हा. तेव्हापासून तोंडापुढे हात धरल्याशिवाय बोलायची नाही. हसायची तर नाहीच. बघा ना, फोटोत पण हात आहे."

बाईंनी फोटो घेतला. लहानपणापासून त्यांनी तो किती वेळा पाहिला होता याची गणतीच नव्हती. हात तिथेच होता. हसू दाबणारा हात असा नसतो, इतका ताठ नसतो, हे आता एखाद्या शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

"तुम्ही कोण तिच्या?" म्हातारीने विचारलं.

"मुलगी."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. "तिच्यासारख्या दिसता की नाही, ते काही सांगता येत नाही बघा मला. तिचा चेहरा आता आठवत नाही. हात आठवतात."

परत येताना बसमध्ये भाची आधी जोरात होती. दोन साधनं एकमेकांना छेद देतात, याच्याइतकं भाग्य संशोधकाच्या वाट्याला क्वचित येतं, असं तिला शिकवलेलं होतं. मग तिचं लक्ष आत्याच्या तोंडाकडे गेलं आणि तिने वही मिटली. उतरताना तिने आत्याचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दादाकडे गेल्या. वहिनी बाहेर गेली होती. दादा गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसला होता आणि कोणाचा तरी नळ खोलून त्यातला गंज तारेच्या ब्रशने काढत होता. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी आजूबाजूची माणसं नळ आणून द्यायची आणि तो नाही म्हणायचा नाही. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. घरून येताना त्यांनी सुरुवात कशी करायची हे ठरवून आणलं होतं, ते सगळं विसरलं.

"दादा, आईला पुढचे दात नव्हते?"

ब्रश थांबला. "कोणी सांगितलं?"

"तिच्या शेजारच्या मशीनवरची बाई आहे अजून."

दादाने नळ खाली ठेवला. "असेल तसं," तो म्हणाला. "मला दात आठवत नाहीत."

"मग शीळ कशी घालायची?"

"नव्हती घालत."

दादाने ब्रश बाजूला ठेवला. मग दादा बोलायला लागला. एवढं सलग बोलताना बाईंनी त्याला मोठेपणी कधी ऐकलं नव्हतं.

"मला काही आठवतच नव्हतं गं. अकरा वर्षांचा म्हणजे मोठा, असं वाटतं लोकांना. ती पहाटे जायची. यायची तेव्हा बसल्या जागी डोळे मिटायची. रविवारी धुणं. मी आपला दिवसभर बाहेर उंडारत. आई काय, घरातच आहे, कुठे जातेय, असं वाटतं त्या वयात. नीट बघून ठेवावं असं कोणाच्या डोक्यात येतं? तिचा आवाज पण आठवत नाही मला. आणि मग तू विचारायला लागलीस. रोज."

"मग ते हसणं?"

"समोरच्या घरातली बाई हसायची तसं. लोक खिडक्या उघडायचे ते तिला बघायला."

"तराजू?"

"खालच्या काकूंनी केला होता उलटा."

"आणि कोंबडी?"

"कोंबडीला मी घाबरायचो," दादा म्हणाला. "अजून घाबरतो."

बाईंना हसू आलं आणि त्या हसण्याचाच त्यांना राग आला. सवयीने त्यांचं डोकं एकेका गोष्टीचा उगम मांडत चाललं होतं, आणि तिकडे पायरीवर बसून ऐकलेली ती ठसठशीत, कोणालाही न घाबरणारी बाई तुकड्यातुकड्याने शेजाऱ्यांच्या घरी परत चालली होती. "मी जन्मभर लोकांना विचारत बसले," त्या म्हणाल्या, "आणि तुला एकदाही विचारलं नाही."

"तू वाचनालयात लागलीस तेव्हा धडकी भरली होती मला," दादा म्हणाला. "म्हटलं, आता ही पकडणार. पण तू सगळ्यांना पकडायचीस, मला सोडून."

मग बाईंनी खिडकीचं विचारलं. ऊन, जमीन, निळी बाही, तेलाचा वास, शीळ, सगळं सांगितलं. "एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "हे तू सांगितलंस का मला? का मी पाहिलं?"

दादाने फडक्याला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"हे सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

बाईंनी श्वास सोडला. पण दादाचं संपलं नव्हतं.

"तू केसांना कोणाला हात लावू द्यायची नाहीस. काकूंना तर चावलीस. इतका गुंता झाला होता की काकू म्हणाल्या, कापून टाकू या. आईचा कोट खुंटीला होता. कारखान्याने काही परत मागितला नाही. तो मी घातला एक दिवस. पार घोट्यापर्यंत आला. बाह्या दुमडल्या. तुला म्हटलं, मागे बघायचं नाही, नाहीतर ओढलं जाईल. तू बसलीस गुपचूप. नवी नवी शीळ शिकलो होतो मी तेव्हा, ती घालत बसलो, तू रडू नयेस म्हणून." तो थांबला. "कोटाचा वास जाईपर्यंत चाललं ते. वास गेला तेव्हा तू ओळखलंस, पण तोपर्यंत तुला माझी सवय झाली होती."

बाईंना ती खिडकी दिसत होती. तेच ऊन, तोच कंगवा. फक्त पाठीमागे आता एक पोरगा होता, आईच्या कोटात बुडालेला, ओठांचा चंबू करून. त्याला स्वतःला आई नव्हती आणि त्याचे केस कोणीच विंचरत नव्हतं. बाईंना रडू फुटलं. आई हातची गेली म्हणून रडू आलं की हा भाऊ इतकी वर्षं मागेच बसून होता म्हणून, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"म्हणजे तुझी ती आठवण खोटी झाली का आता?" दादाने घाबरून विचारलं.

"नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी तिथे होते. मी पाहिलंय ते. माणूस तेवढा चुकीचा धरला होता. तुझ्या लेकीला सांगते, ती आठवण आजीच्या कागदातून काढ आणि बाबांच्या नावावर लिही. अस्सल म्हणून लिही."

"आणि आजीच्या कागदावर?"

"दात नव्हते. कामाला चोख होती. सुटी झाली की पहिली बाहेर पडायची." बाईंनी तीन बोटं मोजली. "एवढंच आहे आपल्याकडे."

दादाने नळाचे सुटे भाग वर्तमानपत्रावर रांगेत लावले, मग पुन्हा विस्कटले. "एक आहे अजून," तो म्हणाला. "खरं. माझं पाहिलेलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"एकच होतं ना. रचलेलं कितीही देता येत होतं तुला. हे दिलं असतं तर तू रोज मागितलं असतंस, आणि सांगून सांगून मलाच कळेनासं झालं असतं की मी पाहिलं होतं का नुसतंच सांगत आलोय. म्हणून ठेवलं. वहिनीला पण सांगितलं नाही तुझ्या."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांना ते मनापासून हवं होतं, तरी म्हणाल्या.

"नाही. ऐक. पहाटे निघताना ती चपला हातात घ्यायची, आवाज नको म्हणून. मी जागा असायचो. डोळे किलकिले करून बघायचो. ती दारापर्यंत जायची आणि थांबायची. चपला हातात घेऊन आपल्याकडे बघत उभी राहायची. उशीर होत असायचा तिला, तरी उभी राहायची. मग परत आत यायची आणि तुझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करायची. मग जायची."

"माझ्या?"

"तुझ्या. तू लाथा मारून फेकून द्यायचीस. मी जागाच असायचो, त्यामुळे माझं कधी सरकायचं नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी दादाला हाक मारून नळ झाला का म्हणून विचारलं. दादाने वाकून उद्या ये म्हणून सांगितलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसला. बाईंनी स्टूल त्याच्याजवळ सरकवलं.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

दादाने परत सांगितलं.